ईदीचे पाकीट आणि अंगणवाडीच्या आपा



रमजानचा शेवटचा अशरा सुरू झाला की आपल्या घराघरांत याद्या होऊ लागतात. शेवया किती, चारोळी-खोबरे किती, कुणाचे कपडे अजून शिंप्याकडेच आहेत, कुणाला ईदी किती द्यायची. या यादीत नातेवाईक असतात, शेजारी असतात, दूधवाला असतो, कचरा उचलणारे भाऊही असतात. यंदा त्यात आणखी दोन नावे लिहावीत, अशी आमची विनंती आहे. एक आपल्या मोहल्ल्यातील अंगणवाडी सेविकेचे आणि दुसरे तिच्या मदतनिसाचे. नाव लिहिल्यावर पुढे काय करायचे, यात आमची एकदा चूक झाली. तीही इथे सांगायची आहे, म्हणजे तुमची होणार नाही.

2025 साली रमजान ईद 31 मार्चला आली. मार्चअखेर म्हणजे काय, हे आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे. तोंडी परीक्षा, निकालपत्रके, नोंदवह्या, सगळे एकदम अंगावर येते. आमच्या मोहल्ल्यातील अंगणवाडीच्या आपांचेही तसेच होते. दिवसभर रोजा ठेवून मुलांची वजने घ्यायची, गरोदर बायांच्या घरी जायचे आणि इफ्तारनंतर मोबाइल घेऊन माहिती भरत बसायचे.

त्या रमजानमध्ये आम्ही मोहल्ल्यातील सात-आठ घरांनी मिळून थोडे पैसे काढले होते. आपांनी वर्षभर आपल्या मुलांचे केले, तर ईदला त्यांना काहीतरी द्यावे, असा विचार होता. विचार चांगलाच होता. पण पैसे जमवताना कुणी म्हणाले, “आमचा फित्रा अजून द्यायचा आहे, तोच यात घाला.” दुसरे म्हणाले, “आमचाही.” आम्ही तो घेतला. मनात आले, मानधनावर काम करणारी बाई आहे, घरात कमावणारी एकटीच, म्हणजे गरजूच की. रविवारी, 30 तारखेला संध्याकाळी चांद दिसला. मगरीबनंतर आम्ही पाकीट घेऊन त्यांच्या घरी गेलो.

आपा जमिनीवर बसून मोबाइलवर नावे भरत होत्या. शेजारी त्यांची धाकटी मेहंदीचा कोन हातात धरून वाट पाहत बसली होती. दारात दोन बाया उभ्या होत्या. एकीला लसीकरणाचे कार्ड सापडत नव्हते आणि उद्या ईदनंतर माहेरी जायचे होते. दुसरीला महिन्याचा शिधा कधी येणार ते विचारायचे होते. चांदरात होती, पण त्या घरात कामाचा वार होता.

आम्ही पाकीट पुढे केले. आपांनी ते हातात घेतले आणि विचारले, “सर, ये काहेका है?”

आम्ही खरे ते सांगितले. काही ईदी आहे, काही फित्रा आहे.

त्या रागावल्या नाहीत. पाकीट परत आमच्या हातात देत म्हणाल्या, “फित्रा होगा तो पिछली गली में खाला रहतीं ना, उनको दो. अभी दो, नमाज के पहले पोहोचना. मैं तो काम करती, सर.”

त्या रात्री आम्ही मागच्या गल्लीत खालांकडे गेलो. फित्रा जिथे पोहोचायला हवा होता तिथे वेळेत पोहोचला. पण “मैं तो काम करती” हे चार शब्द ईदगाहपर्यंत आमच्याबरोबर आले. जकात आणि फित्रा हा गरजूचा हक्क आहे, तो कुणाच्या कामाच्या मोबदल्यात मोजायचा नसतो, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. मजुराला त्याची मजुरी वेळेवर द्यावी, हेही तितकेच शिकवलेले असते. आम्ही या दोन गोष्टींची सरमिसळ केली होती. जिचे आभार मानायला गेलो, तिला आम्ही मदत मागणाऱ्यांच्या रांगेत उभे केले होते.

आता या बाई नेमके करतात काय, ते थोडे पाहू. पुष्कळ घरांत अजूनही अंगणवाडी म्हणजे ‘खिचडीची शाळा’ एवढीच ओळख आहे.

एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतची मुले, गरोदर बाया आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांच्यासाठी ती आहे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणे, आहार-आरोग्याचे शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांची शाळापूर्व तयारी अशा सहा सेवा तिच्यात येतात. कागदावर सहा ओळी, आणि मोहल्ल्यात त्या सगळ्या करणाऱ्या दोन बाया. सेविका मुलांना शिकवते, वजन-उंची मोजते, दंडाला पट्टी लावून मूल कुपोषित आहे का ते पाहते, नोंदी ठेवते. मदतनीस खोली झाडते, पाणी भरते, मुलांना घरून आणते-पोहोचवते, गरम आहार वाढते. लसीकरणाच्या दिवशी नर्सबाई येण्याआधी घरोघरी निरोप देणे आणि सुईला घाबरून लपलेल्या पोरांना शोधून आणणे, हेही त्यांच्याकडेच. सगळे मोबाइलवर नोंदवायचे असते. नेटवर्क नसले तर रात्री नोंदवायचे.

याशिवाय जे काम कुणाचेच नसते, ते त्यांचे होते. 2020 साली ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई आणि अंगणवाडीच्या बाया तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदारी फिरल्या. आपण आतून “सगळे ठीक आहे” म्हणत होतो आणि दार उघडायला भीत होतो. त्या मात्र बाहेर उभ्या होत्या. 2024 मध्ये ‘लाडकी बहीण’चे अर्ज आले, तेव्हा आपल्या किती आया-बहिणींचे फॉर्म अंगणवाडीच्या ओट्यावर भरले गेले, ते आठवा. आमच्या मोहल्ल्यात ज्यांना फक्त उर्दू वाचता येते, त्यांना आपांनी मराठी अर्जातला एकेक रकाना समजावून सांगितला. आम्ही बीएड करून भाषा शिकवतो. पण इतक्या धीराने शिकवतो का, असा प्रश्न स्वतःला विचारावा लागला.

याबद्दल त्यांना जे मिळते, त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. केंद्राने ऑक्टोबर 2018 पासून सेविकेच्या मानधनातला वाटा 3,000 वरून 4,500 रुपये केला, मदतनिसाचा 1,500 वरून 2,250. राज्य त्यात आपली भर घालते. महाराष्ट्रात 2023 मध्ये ही रक्कम सेविकेला 10,000 आणि मदतनिसाला 5,500 रुपये झाली. तरी त्या वर्षी डिसेंबरपासून अंगणवाडीच्या बायांना दीर्घ संप करावा लागला. 2024 मध्ये आणखी वाढ मिळाली. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रॅच्युइटीच्या कायद्यासाठी त्यांना कर्मचारी मानले आणि ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. म्हणजे देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयानेही आपांचेच म्हणणे दुसऱ्या शब्दांत सांगितले. या बाया काम करतात.

दिवाळीला राज्य सरकार सेविका-मदतनिसांना 2,000 रुपये भाऊबीज भेट देते. आमच्या आपांनाही ती मिळते. “मेरेकू भी भाऊबीज आती,” असे त्या कौतुकाने सांगतात. सरकार भाऊ होते, तर मोहल्ल्याने ईदला भाऊ व्हायला काय हरकत आहे?

ईदनंतरच्या आठवड्यात आम्ही पुन्हा आपांना भेटलो. या वेळी पाकीट नेले नाही, फक्त विचारले, “आपा, आम्ही काय केले तर तुमचे काम हलके होईल?” त्यांनी बोटांवर मोजून सांगितले. त्यात पैशाची गोष्ट एकही नव्हती.

पहिली गोष्ट फोनची. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी, चांदरातीला आणि ईदच्या दिवशी कार्ड, शिधा, दाखला यांसाठी फोन करू नका. मूल आजारी असेल तर मध्यरात्रीही करा. बाकीचे दोन दिवसांनी विचारले तरी चालते. दुसरी गोष्ट, वजनाच्या दिवशी मुलांना सकाळीच आणा. एका मुलासाठी चार चकरा मारायला लावू नका. तिसरी, शिधा नेताना आता मोबाइलवर चेहऱ्याची पडताळणी होते. त्यासाठी आईने स्वतः यावे, आधारला जोडलेला मोबाइल बरोबर आणावा. नवऱ्याच्या खिशात फोन आणि नवरा कामावर, असे झाले की त्या बाईवरच ओरडा होतो आणि शिधा रखडतो. चौथी, नवीन लग्न होऊन आलेली सून गरोदर असेल, तर लपवू नका. नजर लागेल म्हणून चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत सांगत नाहीत आणि तोवर लोहाच्या गोळ्यांचा वेळ जातो.

पाचवी गोष्ट त्यांनी मदतनीस मावशींसाठी मागितली. मावशी लांबच्या नळावरून कळशीने पाणी आणत होत्या. वय पन्नाशीच्या पुढे, गुडघे दुखतात. “उनका कुछ करो, सर.” स्वतःसाठी मागायला बसवले, तर बाईने दुसरीसाठी मागितले.

आम्ही जुम्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यातील मंडळींशी बोललो. मशिदीजवळच्या दोन घरांतील कॉलेजच्या मुलांनी सकाळी अंगणवाडीचा ड्रम भरून द्यायचे ठरवले. परीक्षेच्या दिवसांत एक-दोनदा खाडा झाला, पण काम टिकले आहे. चांदरातीच्या फोनची गोष्ट बायकांच्या इज्तेमात सांगितली गेली, तिथे ती लवकर पोहोचली. आमच्या वर्गातील मुलांनी आपांसाठी आणि मावशींसाठी शुक्रियाची पत्रे लिहिली, एका बाजूला उर्दूत, दुसऱ्या बाजूला मराठीत. त्यातील निम्मी मुले त्याच अंगणवाडीत ‘अ’ आणि ‘अलिफ’ शिकून आमच्याकडे आलेली. एका मुलाने लिहिले होते की तुम्ही मला हात धुवायला लावायच्या, मी अजून धुतो. आपांनी ते पत्र भिंतीवर वजनाच्या तक्त्याशेजारी लावले आहे.

दिवाळीला मावशींची पाळी आली. त्या वेळी आम्ही आधीच्या चुकीतून शहाणे झालो होतो. सात घरांची वर्गणी वेगळी ठेवली, त्यात जकातीचा एक पैसा येऊ दिला नाही. पाकिटावर लिहिले, ‘मावशींना, वर्षभराच्या कामाबद्दल, मोहल्ल्याकडून.’ सोबत एक साडी. मावशींनी आम्हाला बसवून घेतले, चकली-चिवडा खाऊ घातला आणि आमच्या घरच्यांसाठी डबा बांधून दिला. देणारे आम्ही आणि भरल्या हातांनी परत येणारेही आम्हीच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. आपले पाकीट, आपला शीरखुर्मा, मुलांची पत्रे यांनी त्यांचे मानधन वेळेवर येत नाही. ते सणाआधी मिळावे, ही मागणी त्यांच्या संघटना करतात, आणि त्यात त्यांच्या बाजूने उभे राहणे हे आपलेही काम आहे. नगरसेवक मोहल्ल्यात आले की आपण गटार आणि रस्त्याबद्दल बोलतो. अंगणवाडीला पक्की खोली, नळ आणि संडास आहे का, हेही त्याच दमात विचारले पाहिजे. बाया संपावर गेल्या की “मुलांची खिचडी बंद झाली” म्हणून त्यांच्यावरच कुरकुर करण्याआधी त्या संपावर का गेल्या, ते एकदा त्यांच्याच ओट्यावर बसून ऐकावे.

यंदाही ईद जवळ येते आहे. आमच्या घरच्या यादीत दोन नावे आधीच लिहून ठेवली आहेत. शीरखुर्म्याचा डबा जाईलच, पण तो ईदच्या दुपारी, आपा जोहर पढून मोकळ्या झाल्यावर. डबा आमची मुलगी नेईल, आणि तिला ताकीद आहे की दारात उभे राहून कार्डाबद्दल काही विचारायचे नाही. फक्त ईद मुबारक म्हणायचे आणि कालचा रिकामा वाडगा राहिला असेल तर तोही मागायचा नाही.

मागच्या चांदरातीला त्या धाकटीच्या हातावर मेहंदी रात्री अकराला लागली होती, असे नंतर कळले. या वेळी ती इशाच्या आधी लागावी, एवढीच आमची दुआ आहे. आणि ती पुरी करणे बऱ्याच अंशी आपल्याच हातात आहे.