तिकडे पोट्टे असते का?

बरेच दिवस इथं काही लिहिलं नाही. कूलरसमोर बसून ऊन उतरायची वाट बघणं, यापलीकडे पुलगावच्या उन्हाळ्यात माणूस करणार तरी काय! पण भाचीचे तीनदा फोन झाले, "मावशी, त्या पुस्तकाचं काय झालं?" तर हे त्या पुस्तकाबद्दल. आणि घरात त्यावरून जो वाद झाला त्याबद्दलही. भावोजी हे वाचतात हे मला ठाऊक आहे, म्हणून जपून लिहिते. :)

भाची अमेरिकेहून आली की पोरांसाठी चॉकलेटं आणते आणि माझ्यासाठी चित्रांची पुस्तकं. यावेळी तिनं आणलं 'ड्रॅगन डान्सिंग'. लेखिका कॅरोल लेक्सा शेफर, चित्रं पिअर मॉर्गन यांची, २००७ चं पुस्तक. गोष्ट अगदी एवढीशी. मेइ लिन नावाच्या मुलीचा वाढदिवस असतो, वर्गात ड्रॅगनचं पुस्तक वाचलं जातं, मग मुलं मिळेल त्या सामानातून स्वतःचा ड्रॅगन बनवतात आणि तो घेऊन नाचत सुटतात. संपलं. तात्पर्य नाही की उपदेश नाही. म्हणूनच मला आवडलं.

सुटीत दर रविवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर आठ-दहा मुलं जमतात. मी शाळेतून निवृत्त झाले तरी ही सवय सुटली नाही. मृग लागून आठवडा झाला होता आणि आभाळात ढगाचा मागमूस नव्हता. अशा संध्याकाळी मी ते पुस्तक उघडलं. आधी मजकूर वाचायचा नाही, नुसती चित्रं दाखवायची, हा माझा जुना शिरस्ता.

"आजी, हा तं साप होय."

"सापाले कुठी पाय असते? गोम होय ते."

"गोमीले शिंगं असते का बे?"

"पोटाखाली पाहा ना! माणसाचे पाय हायेत!"

हा शेवटचा शोध लागला आणि सगळी डोकी पुस्तकावर आदळली. पुस्तक फाटतं की काय अशी भीती वाटली मला. कोण पुढे, कोण मागे, शेपटीतल्याला काही दिसतं का, मधला पडला तर काय होईल... प्रश्नांवर प्रश्न. आणि तेवढ्यात मी चूक केली. कुणीतरी विचारलं, "ड्रॅगन म्हणजे काय?" आणि मी पटकन बोलून गेले, "राक्षसासारखा एक प्राणी, तोंडातून आग काढतो."

हे उत्तर सिनेमातून आलेलं, म्हणजे युरोपातल्या ड्रॅगनचं. चिनी ड्रॅगन वेगळाच. त्याला बहुधा पंखच नसतात, तरी तो ढगांत राहतो. नदीत राहतो, समुद्रात राहतो. जुन्या चिनी वर्णनांत त्याला हरणाची शिंगं, सापाची मान, माशाचे खवले आणि गरुडाच्या नख्या आहेत. आग ओकणं हे त्याचं काम नव्हे. त्याचं काम पाऊस पाडण्याचं. दुष्काळ पडला की चीनमधले शेतकरी मातीचा, कापडाचा ड्रॅगन करून पावसासाठी त्याची आळवणी करत. आज नव्या वर्षाला जो नाच होतो त्यामागे ही शेतकऱ्याची वाट पाहणी आहे. हे मला माहीत होतं, तरी तोंडातून राक्षस निघाला. पुढच्या रविवारी मुलांसमोर चूक कबूल केली. चाळीस वर्षं शिकवल्यावर चूक कबूल करायला फारसं अवघड जात नाही, हा निवृत्तीचा एक फायदा.

पाऊस म्हटल्याबरोबर मुलांचे चेहरे बदलले. इथल्या मुलाला पाऊस म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. कुणाच्या घरी सरकी टोबायची थांबलेली, कुणाचा बाप रोज संध्याकाळी धुऱ्यावर उभा राहून वर बघून येणारा. एक मुलगी म्हणाली, "आजी, मंग हे धोंडीसारखंच झालं." तिच्या आजीनं तिला धोंडी सांगितली होती. पाऊस ताणला की मुसळाला बेडूक बांधायचा, कडुलिंबाच्या डहाळ्या लावायच्या, घरोघरी फिरायचं, बायांनी वरून पाणी ओतायचं. (बेडूक बांधणं कमी झालं ते बरंच झालं, बिचाऱ्याचे हाल व्हायचे.) मी थक्क झाले. मी पंधरा मिनिटं समजावून जे सांगितलं असतं ते तिनं एका वाक्यात सांगून टाकलं. चीनमधल्या शेतकऱ्याचा ड्रॅगन आणि आमचा मुसळावरचा बेडूक, दोघंही एकाच ढगाकडे बघणारे!

इथपर्यंत सगळं गोड होतं. पण त्या मुलांत सोहम होता. (नाव बदललं आहे.) त्याचे बाबा फौजेत, तेव्हा लडाखला होते. पुलगावला सैन्याचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, त्यामुळे फौज आम्हाला नवी नाही. पण वडील सीमेवर असणं ही वेगळी गोष्ट. तो पुस्तकापासून हातभर लांब बसला होता. म्हणाला, "ड्रॅगन म्हणजे चीन. टीव्हीत दाखवते. आमचे बाबा त्याच्यासाठीच तं गेले तिकडे." आणि चप्पल घालून घरी गेला.

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. आपल्या बातम्यांत ड्रॅगन हा शब्द दुसऱ्या कशासाठी येतो? ड्रॅगननं फणा काढला, ड्रॅगनची घुसखोरी, ड्रॅगनला दणका. आठ वर्षांच्या मुलाला हा शब्द आधी बातमीतून भेटला, पुस्तकातून नंतर. आधी जो भेटला तोच त्याच्या मनात घर करून बसला.

त्याच रात्री जेवताना भावोजींनी विषय काढला. "वहिनी, गलवानमध्ये आपली वीस माणसं गेली. १५ जून, २०२०. तारीख तोंडपाठ आहे मला. आणि त्याच जून महिन्यात तुम्ही पोरांना त्यांचा नाच शिकवता?"

मी हे उडवून लावणार नाही. वीस घरांतली माणसं गेली, ती परत येणार नाहीत. सीमा आहे, वाद आहे, जवान तिथं थंडीत उभे आहेत म्हणून मी इथं ओसरीवर पुस्तक वाचू शकते. हे सगळं खरं. मुलांना हे कधीच सांगू नये असं माझं म्हणणं नाही. शाळेच्या पुस्तकात येईल, वर्तमानपत्रात येईल, मोठी झाल्यावर ती स्वतः वाचतील. माझं म्हणणं फक्त क्रमाबद्दल आहे. परक्या देशाचा माणूस मुलाला आधी खेळात भेटावा, मग बातमीत. उलट झालं तर बातमीतल्या त्या देशात मुलाला माणसं दिसतच नाहीत, नुसता एक शब्द दिसतो. आणि शब्दाला कुणी दगड मारला तर कुणालाच वाईट वाटत नाही.

भावोजी म्हणाले, "हे सगळं बोलायला ठीक आहे." म्हणून मी त्यांना देवलीची गोष्ट सांगितली. आमचा तालुका देवळी. त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावाचं, देवली, असं एक गाव राजस्थानात टोंक जिल्ह्यात आहे. १९६२ च्या युद्धानंतर आसाम आणि बंगालमधून जवळजवळ तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना उचलून, रेल्वेनं कित्येक दिवसांचा प्रवास घडवून तिथल्या छावणीत ठेवलं गेलं. त्यांत म्हातारे होते, शाळेत जाणारी मुलं होती. कित्येकांचा जन्म इथलाच, इथलीच भाषा बोलणारे. ती सुतारकाम करणारी, चपला शिवणारी, हॉटेलं चालवणारी माणसं. काही कुटुंबं १९६७ पर्यंत आत होती. सुटून आल्यावर अनेकांना घर-दुकान उरलं नव्हतं, आणि पुढे बरेच जण देश सोडून गेले. आपल्या शेजारच्या सुताराला लोक एका दिवसात 'चीन' म्हणू लागले, तेव्हा त्याच्या मुलांबरोबर आपली मुलं खेळलेली होती हे कुणी आठवलं असतं तर? मला उत्तर माहीत नाही. पण कोलकात्यात टांगरा आणि टिरेट्टी बाजारात जे उरले, ते आजही नव्या वर्षाला सिंह आणि ड्रॅगन नाचवतात. तो नाच भारतातलाही आहे, हे मला भावोजींना सांगायचं होतं.

आणि आपल्या विदर्भाला हे नातं काही नवं नाही. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून पाच भारतीय डॉक्टर गेले. सोलापूरचे डॉ. कोटणीस सगळ्यांना माहीत आहेत. त्या पाचांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक असेल? आणखी जवळचं सांगायचं तर सेवाग्राम. इथून तासाभराच्या वाटेवर. शाळेच्या सहलीला गेलेलं प्रत्येक पोर कान, डोळे, तोंड झाकलेली गांधीजींची तीन माकडं बघून येतं. ती त्यांना चीनहून आलेल्या पाहुण्यांनी दिली असं सांगतात. (मूळ कल्पना जपानची, तिथल्या निक्कोच्या मंदिरावर तशी माकडं कोरलेली आहेत. म्हणजे वस्तूंना सीमा कळत नाहीत हेच खरं.) पाहुणे आले आणि त्यांनी भेट काय आणली, तर खेळण्याएवढी वस्तू! बातमीच्या आधी खेळणं आलं, ते असं.

भावोजी काही बोलले नाहीत. "ताक आहे का अजून?" एवढंच म्हणाले. आमच्या घरात याचा अर्थ वाद उद्यावर ढकलला असा होतो.

पुढच्या रविवारी मुलांनी ड्रॅगन बनवायला घेतला. खरा ड्रॅगन बांबूच्या कड्या आणि कापडाचा असतो, त्याचे भाग बहुतेक विषम संख्येत, पुष्कळदा नऊ. जितका लांब तितका भाग्याचा. पुढे एकजण काठीवर गोळा घेऊन धावतो, तो मोती. ड्रॅगन त्या मोत्याच्या मागे लागतो, म्हणून तर तो वळतो, झेपावतो, गिरक्या घेतो. आमच्याकडे तुराट्या होत्या, माझ्या दोन जुन्या साड्या होत्या, खताची रिकामी पोती होती. डोक्याला टीव्हीचं खोकं. दाढीला कूलरमधलं जुनं गवत, त्यानं अख्खी ओसरी शिंकायला लागली! मोती म्हणून प्लॅस्टिकचा चेंडू. नऊ मुलं हवी होती, आठच होती.

सोहम फाटकाबाहेर सायकल घेऊन उभा होता. मी त्याला बोलावलं नाही. शिक्षकाला मोह होतो बोलवायचा, पण तो टाळला. बाप सीमेवर असलेल्या मुलानं काय विसरावं हे ठरवणारी मी कोण? आठ मुलांचा ड्रॅगन अंगणात दोनदा पडला, एकदा तुळशीवर गेला, मधल्या पोरीची तुराटी मोडली. हसून हसून सगळी लोळली. बऱ्याच वेळानं सोहम आत आला. नाचायला नाही, नुसता माझ्याजवळ येऊन पायरीवर बसला. पुस्तक तिथंच पडलं होतं. त्यानं ते उघडलं, पानं उलटली, मग हळूच विचारलं,

"आजी, तिकडे पोट्टे असते का?"

"असतात ना."

"माझ्याएवढे?"

"तुझ्याएवढे, तुझ्याहून लहानही."

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्याईचे बाबा बी फौजेत असतीन."

यावर काय बोलावं मला सुचलं नाही. तसं न सुचणंच ठीक होतं. मी मान हलवली. त्यानं पुस्तक बंद करून नीट माझ्या मांडीवर ठेवलं आणि सायकल घेऊन गेला. नाचला नाही. त्यानंतरच्या रविवारी आला तेव्हा विचारत होता की रात्री बाबांचा फोन आला तर तिकडे ड्रॅगन नाचतो का हे विचारू का. मी म्हटलं, विचार की. ते काय म्हणाले हे त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ते बाप-लेकाचं.

मंडळी, माझं मागणं फार मोठं नाही. मुलांना परक्या देशाचं पुस्तक दाखवताना 'यातून काय शिकलास' असं लगेच विचारू नका. त्यांना गोम दिसू द्या, साप दिसू द्या, धोंडी दिसू द्या. आपल्या अंगणातून तिकडे जायची वाट ती स्वतःच शोधतात. आणि टीव्हीवर ड्रॅगन म्हणून कुणी ओरडत असेल तेव्हा जवळ एखादं मूल बसलं आहे का, एवढं फक्त बघा.

पाऊस? तो आला, चार दिवसांनी, बरा आला. मुलांची खात्री आहे की तो आमच्या ड्रॅगननंच आणला. भावोजी म्हणाले, "धोंडीनं." मी म्हटलं, दोघांनी मिळून. त्यावर मात्र ते हसले.

साड्या धुऊन वाळत घातल्या आहेत. एकीला खोक्याचा रंग लागला तो निघत नाही. असो. भाचे, पुढच्या वेळी आणखी अशीच पुस्तकं आण. आणि बाकीच्यांनी सांगा, तुमच्याकडच्या मुलांना कुठला परका देश खेळातून भेटला?