‘पाटी दिसलीच नाही’

नियम चुकून मोडला तर दंड नको, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटत नाही. लाल कडेची गोल पाटी ही आज्ञा असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११९ नुसार ती पाळावीच लागते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरने आलेली मोटार बोरघाटात ६० वर आणावी लागते. नजर चुकली की कॅमेरा टिपतो, चलान मोबाइलवर येते. हलक्या वाहनाला वेगासाठी १ ते २ हजार रुपये दंड. ‘थांबा’ची पाटी धोकादायकरीत्या ओलांडल्यास कैदही होऊ शकते.

फांदीआड दडलेल्या पाटीचा दोष मात्र चालकाच्या माथी मारू नये. जागेवरच फोटो काढून चलानाविरुद्ध तक्रार जरूर नोंदवावी. सदोष रस्त्यामुळे मृत्यू ओढवल्यास कंत्राटदारालाही कलम १९८-अ खाली १ लाखापर्यंत दंडाची तरतूद २०१९ पासून आहे. पत्रलेखकाने तिचा आग्रह धरायला हवा होता.