स्वायत्ततेचे मोजमाप

स्वतःचे सरकार हवे म्हणून झगडणाऱ्या प्रत्येक लहान प्रदेशाच्या आयुष्यात एक दिवस असा उजाडतो की, ते सरकार हाती येते आणि आता त्याचे करावयाचे काय, हा प्रश्न समोर उभा राहतो. ध्वज ठरतो, राजभाषा ठरते, सचिवालयावर नवी पाटी लागते. परंतु ज्या घरात काल चूल पेटत नव्हती तेथे आज ती पेटते आहे काय, हे विचारणारा क्वचितच भेटतो. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील बास्क प्रदेशात हा प्रश्न विचारणारा आणि त्याचे उत्तर कायद्यात उतरविणारा एक पुढारी होऊन गेला. होसे आंतोनियो आर्दान्सा हे त्याचे नाव. ८ एप्रिल २०२४ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. जगाने त्यांना दहशतवादाविरुद्ध सर्व लोकशाही पक्षांस एकत्र आणणारा नेता म्हणून ओळखले. ते योग्यच होय. पण त्यांचे दुसरे कार्य अधिक टिकाऊ ठरले, असे आम्हांस वाटते.

बास्क समाज आमच्या वाचकांस दूरचा वाटेल. पण तो अगदीच अपरिचित नाही. जुने गोवे येथे ज्यांचे शव ठेवलेले आहे ते फ्रान्सिस झेवियर शेजारच्या नवार्रा प्रांतातले, आणि त्यांची मातृभाषा बास्क होती. जगातील कोणत्याही अन्य भाषेशी जिचे नाते अद्याप सिद्ध झालेले नाही, अशी ही भाषा. फ्रँकोच्या हुकूमशाहीत ती शाळा-कचेऱ्यांतून हद्दपार झाली. १९७५ साली फ्रँको मरण पावला. १९७९ साली बिस्काया, गिपुस्कोआ आणि आलावा या तीन प्रांतांस मिळून स्वायत्ततेची सनद मिळाली. १९८१ साली जुना आर्थिक करारही पुन्हा अमलात आला. त्यानुसार बहुतेक कर हे प्रांतच गोळा करतात आणि मध्यवर्ती सरकारला त्याच्या खर्चाचा ठरलेला हिस्सा देतात. तिजोरीची किल्ली अशी घरातच असल्यामुळे पुढच्या गोष्टी शक्य झाल्या, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आर्दान्सा यांचा जन्म १९४१ साली बिस्कायातील एलोरियो या गावचा. ते कायद्याचे पदवीधर. मोंद्रागॉन येथे कामगारांच्या मालकीच्या सहकारी उद्योगांचे जे जाळे उभे राहिले, त्याच्या सहकारी बँकेत त्यांनी कायदेविषयक काम केले. १९७९ साली ते त्याच गावचे महापौर झाले, १९८३ साली गिपुस्कोआ प्रांताचे प्रमुख, आणि १९८५ च्या आरंभी बास्क सरकारचे अध्यक्ष, म्हणजे लेहेन्दाकारी. सभा गाजविणारा वक्ता अशी त्यांची ख्याती कधीच नव्हती. पूर्वीचे लेहेन्दाकारी गारायकोएचेया यांचे पक्षाशी बिनसले, म्हणून हे पद त्यांच्याकडे चालून आले. अशी तडजोडीची माणसे बहुधा वर्ष-दोन वर्षांत विस्मृतीत जातात. आर्दान्सा मात्र १९९९ पर्यंत, तब्बल चौदा वर्षे, त्या पदावर राहिले. स्वायत्ततेनंतरच्या काळात इतकी दीर्घ कारकीर्द अन्य कोणाची झालेली नाही.

त्यांना लाभलेला काळ मोठा कठीण होता. लोखंड, पोलाद आणि जहाजबांधणी यांवर पोसलेला तो प्रदेश. नेमके हेच उद्योग त्या दशकात कोसळले. १९८४ साली बिल्बाओची एउस्काल्दुना गोदी वाचविण्यासाठी कामगार पोलिसांशी रस्त्यावर झुंजले. गोदी अखेर गेलीच. काम करणाऱ्या वा काम शोधणाऱ्या दर पाच माणसांमागे एकाच्या आसपास बेकार, अशी अवस्था झाली. जोडीला ‘एटा’ या सशस्त्र संघटनेच्या गोळ्या आणि बाँब होतेच. तिने आपल्या आयुष्यात आठशेंहून अधिक माणसे मारली. राजकारणही दुभंगलेले होते. आर्दान्सा यांचा राष्ट्रवादी पक्ष १९८६ मध्ये फुटला आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत त्याला मते अधिक मिळूनही जागा समाजवाद्यांहून कमी आल्या. तेव्हा वर्षानुवर्षांचे प्रतिस्पर्धी असलेले हे दोन पक्ष १९८७ मध्ये एकाच मंत्रिमंडळात बसले. १९८८ च्या जानेवारीत आहुरिया एनेआ या अध्यक्षांच्या निवासस्थानी, एटाची बाजू घेणारा हेर्री बातासुना वगळता विधिमंडळातील सर्व पक्षांनी हिंसेविरुद्धच्या करारावर सह्या केल्या.

याच मंत्रिमंडळाने दारिद्र्याविरुद्धची सर्वंकष योजना हाती घेतली. १९८९ च्या आरंभी तिचा अंमल सुरू झाला. तिची अंगे तीन. ज्या कुटुंबाचे उत्पन्न ठराविक मर्यादेखाली असेल त्याला दरमहा किमान कौटुंबिक उत्पन्न. थकलेले घरभाडे, कर्ज अशा अडचणींसाठी तातडीचे साहाय्य. आणि ज्यांच्यावर विम्याचे छत्र नव्हते त्यांना सार्वजनिक आरोग्यसेवा. स्पेनमध्ये असे किमान उत्पन्न देणारा हा पहिलाच प्रदेश. शेजारच्या फ्रान्सने असा कायदा केला तो १९८८ च्या डिसेंबरात, म्हणजे जेमतेम काही आठवडे आधी. माद्रिदच्या सरकारला ही कल्पना रुचली नव्हती. आणि गंमत अशी की, त्या सरकारचाच समाजवादी पक्ष बास्क मंत्रिमंडळात भागीदार होता. म्हणूनच या योजनेचे श्रेय एकट्या आर्दान्सांना देणे न्यायाचे होणार नाही. पण सरकारचा प्रमुख म्हणून तिच्यामागे आपले वजन त्यांनी उभे केले, हेही तितकेच खरे.

फुकट पैसा मिळू लागला तर माणूस कामाला हात लावील काय, हा आक्षेप तेव्हाही होता. त्याला उत्तर म्हणून १९९० च्या कायद्यात मदतीबरोबर कराराची अट आली. लाभार्थीने प्रशिक्षण घ्यावे, काम शोधावे, मुलांना शाळेत धाडावे. शासनाने त्याला त्यात साहाय्य करावे. देणे आणि घेणे, दोन्हींची लेखी नोंद. १९९८ साली सामाजिक बहिष्कृततेविरुद्ध कायदा झाला. केवळ नऊ वर्षांत एक सरकारी आदेश नागरिकाच्या हक्कापर्यंत येऊन पोचला, हा या कारकिर्दीचा गाभा होय. सरकारच्या मर्जीची मदत मर्जी फिरताच बंद होते; कायद्याने दिलेले देणे बंद करावयाचे तर विधिमंडळात उभे राहून तसे सांगावे लागते आणि न्यायालयात त्याचा जाब द्यावा लागतो.

पुढचा इतिहास याची साक्ष देतो. आर्दान्सा पायउतार झाल्यावर २००० साली, हजारो नागरिकांच्या सह्यांनी विधिमंडळापुढे आलेल्या प्रस्तावातून, सामाजिक हक्कांच्या सनदेचा कायदा झाला. २००८ मध्ये व्यवस्था नव्याने बांधली गेली, २०२२ मध्ये पुन्हा. राष्ट्रवादी आले, समाजवादी आले. मूळ हक्क कोणी पुसला नाही. आणि ज्या माद्रिदने एकेकाळी नाक मुरडले होते त्याच माद्रिदने २०२० साली, करोनाच्या संकटात, सबंध देशासाठी किमान जीवनवेतन लागू केले. लहान प्रदेशाने घालून दिलेला धडा देशाने गिरविला. त्याला तीन दशके लागली एवढेच.

हे सारे निर्दोष होते असे नव्हे. स्थलांतरितांची संख्या वाढताच संशयाचे वारे वाहू लागले. लाभासाठी एक वर्षाच्या वास्तव्याची अट होती, ती २०११ मध्ये तीन वर्षांवर नेण्यात आली. काही परदेशी लोक भत्त्यावर जगण्यासाठीच येतात, असा आरोप २०१४ साली विटोरिया शहराच्या महापौरांनी उघडपणे केला. आपल्या माणसासाठी हक्क आणि परक्यासाठी चौकशी, हा मोह अस्मितेच्या राजकारणात सदैव दडलेला असतो. शिवाय दारिद्र्याच्या प्रमाणात हा प्रदेश स्पेनमध्ये तळाशी आहे, त्याचे श्रेय एकट्या भत्त्याचे नव्हे. तेथील उद्योग नव्याने उभे राहिले, याचाही त्यात मोठा वाटा आहे. परंतु गोदी बंद पडल्यापासून नवा कारखाना उभा राहीपर्यंतची जी वर्षे असतात, ती माणसाने कशी काढावयाची? बाजार या प्रश्नाचे उत्तर देत नाही. ते सरकारनेच द्यावे लागते.

आमच्या गोव्याने हे वाचून काय घ्यावे? ज्या १९८७ साली आर्दान्सांचे संयुक्त मंत्रिमंडळ बसले, त्याच साली गोवा घटकराज्य झाला, आणि त्याच साली राजभाषेचा कायदाही झाला. भाषेसाठी आम्ही सर्वांनीच मने पेटविली. त्या भावनेचा आम्ही अनादर करीत नाही, आम्हीही मराठीचेच पाईक आहोत. भाऊसाहेब बांदोडकरांनी बहुजनांच्या दारी शाळा नेली, तेव्हा त्यांनीही भाषा आणि भाकरी वेगळ्या मानल्या नाहीत. आज त्यांच्या नावाने दयानंद सामाजिक सुरक्षा योजना चालते. वृद्ध, विधवा, अपंग यांना तिचा आधार आहे. गृह आधार योजनाही आहे. आमच्या राज्यांपाशी बास्कांसारखा आर्थिक करार नाही, हेही खरे. पण या मदतीला हक्काचे रूप देण्यासाठी तसा करार लागत नाही. निराधार म्हातारीला मिळणारी रक्कम ही कोणा आमदाराची मेहेरबानी नसून कायद्याने तिचे देणे आहे, ती अमुक तारखेस मिळालीच पाहिजे आणि न मिळाल्यास दाद मागण्याची जागा आहे, एवढे आपल्या विधानसभेस करता येण्याजोगे आहे.

अर्ज हाती धरून पुढाऱ्याच्या ओसरीवर बसलेला माणूस हा घटकराज्याचा नागरिक नव्हे, आश्रित होय. राज्य आपले झाले की नाही, याचे मोजमाप त्याच्याकडे पाहून करावयाचे असते. आर्दान्सांनी ते केले, आणि म्हणून एका दूरच्या प्रदेशाच्या या मितभाषी पुढाऱ्याची आठवण येथे ठेवावीशी आम्हांस वाटली.