जुन्या नकाशाचा रंग

जुने छापील नकाशे जमविण्याचा छंद ज्यांना आहे, त्यांना आमची एक सूचना आहे: नकाशाची रेघ आधीं वाचावी, रंग मागाहून.

मेजर जेम्स रेनेल याचा १७८२ सालचा हिंदुस्थानचा नकाशा घ्या. अशा नकाशाची आकृति तांब्याच्या पत्र्यावर उलटी खोदीत, खांचांत शाई भरीत आणि ओलसर कागद दाबून ठसा घेत. म्हणून एका पत्र्याच्या सर्व प्रतींत रेघ एकच. रंग मात्र प्रत्येक प्रतीवर कुंचल्यानें हातांनीं भरलेला. राज्याची सीमा सरकली तर पत्रा न बदलतां रंग बदलतां येई.

रेनेलच्या शीर्षचित्रांत पंडित आपल्या पोथ्या ब्रिटानियेच्या स्वाधीन करीत आहेत. हें चित्र देणाऱ्यांनीं नव्हे, घेणाऱ्यांनीं काढविलें, हें विसरूं नये. रेनेलनें मोजणी केली ती बंगालची. दक्षिणेविषयीं त्याला बहुतांशीं इतरांच्या टिपणांवर विसंबावें लागलें. आमच्या लासुर्णें भागाला पाणी देणारा नीरेचा डावा कालवा तर त्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं झाला. तो त्यांत शोधणें व्यर्थ.

जंगालाचा जुना हिरवा रंग कागदाला खातो व पाठीमागें अनेकदां तपकिरी उमटतो. ताज्या रंगास ती खूण नसते. फिकट नकाशा शोभेसाठीं पुन्हां रंगविणें म्हणजे पोथींत प्रक्षेप करणें होय. शोभा वाढते, साक्ष जाते.