पेठेतला सामना

सुट्टीवर गावी गेलेल्या माणसाचा दिवस त्याच्या स्वतःच्या मालकीचा राहत नाही. गेल्या फेब्रुवारीत मावशीच्या घरी लग्न होते, म्हणून मी कोल्हापुरास गेलो होतो. दुपारभर आम्ही आमंत्रणाच्या याद्या करीत बसलो होतो. कोणाचे नाव राहिले, कोणाचे दोनदा आले, हा वाद रंगात आलेला असताना माझा मावसभाऊ घड्याळाकडे पाहून एकदम उठला आणि म्हणाला, "दादा, याद्या रात्री करू. आज आपली मॅच आहे."

'आपली' म्हणजे कोणाची, असे मी विचारले. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी घराचे आडनावच विचारले होते. "आपली म्हणजे तालमीची," एवढेच बोलून तो चपला शोधू लागला. माझ्या टेबलावरून वर्षभर खेळांच्या बातम्या जातात. दूरच्या देशांतील जगज्जेत्यांची नावे मी रोज देवनागरीत उतरवतो आणि आकडे बरोबर आले ना, एवढे पाहून कागद पुढे सरकवतो. परंतु ज्याला 'आपला' म्हणावे असा एकही फुटबॉलचा सामना मी तोवर पाहिला नव्हता. कुतूहल म्हणून निघालो.

जे वाचक महाराष्ट्राबाहेर वाढले असतील, त्यांच्यासाठी तालमीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. तांबडी माती, मारुतीची तसबीर आणि पहाटेच्या जोरबैठका, हे तिचे रूप. १८९४ ते १९२२ या काळात कोल्हापूरची गादी भूषविणारे राजर्षी शाहू महाराज यांनी मल्लविद्येला उदार आश्रय दिला, खासबागेचे मैदान उभारले आणि पेठापेठांतील तालमींना बळ दिले. पुढे राजघराण्याच्याच उत्तेजनाने या गावात फुटबॉल रुजला, आणि त्याचे संघ उभे राहिले ते बहुतांशी याच तालमींच्या नावाने. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ ही नावे ऐकून परक्या माणसाला वाटते, की आता लंगोट कसलेले मल्ल उतरणार. प्रत्यक्षात उतरतात ते पायांत बूट घातलेले अकरा-अकरा खेळाडू. कुस्तीची माती सोडून तालीम चेंडूमागे धावू लागली, पण पेठेशी असलेले तिचे नाते मात्र जसेच्या तसे राहिले.

छत्रपती शाहू स्टेडियमवर पोचलो तेव्हा पायऱ्या भरत आल्या होत्या. एका बाजूला एका पेठेची मंडळी, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या पेठेची. त्या दोन तालमींची नावे मी येथे मुद्दामच देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते वाचून अर्धे कोल्हापूर माझ्यावर रुसेल आणि लग्नाच्या याद्या पुन्हा कराव्या लागतील! शाळकरी पोरे, कॉलेजचे विद्यार्थी, दुकान मुनिमावर सोपवून आलेले व्यापारी, नातवाचे बोट धरून आलेल्या आजीबाई, अशी सारी दाटी होती. भडंगाच्या पुड्या हातोहात फिरत होत्या. माझ्या पुढच्या पायरीवर नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा आपल्या मित्राला सांगत होता, की २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. हे तो अशा स्वरात सांगत होता, की पुढचा क्रमांक स्वतःचाच असल्याबद्दल त्याला शंका नव्हती.

माझ्या शेजारी डोक्याला पटका बांधलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. "पावणं, कुठनं आलासा?" त्यांनी विचारले. मी सांगितले. "मग बघा की आमचा खेळ," ते म्हणाले आणि पुन्हा मैदानाकडे वळले.

सामना सुरू झाला. दूरचित्रवाणीवर जो फुटबॉल दिसतो त्याहून हा किती निराळा, हे पहिल्या पाच मिनिटांतच कळले. तेथे चेंडू दिसतो. येथे चेंडूचा आवाज ऐकू येतो. बुटाचा फटका, धापा, "सोड की रं!", "मागं बघ, मागं!" अशा हाका, सारे कानावर आदळते. आमच्या बाजूने एक परदेशी तरुण खेळत होता. त्याच्याकडे चेंडू गेला की आमची सगळी पायरी "भावा, मार!" म्हणून ओरडे. त्याला मराठी किती समजत होते कोण जाणे. पण 'भावा' हा शब्द ऐकला की तो हात वर करी.

विसाव्या मिनिटाच्या सुमारास आपत्ती ओढवली. दुरून आलेला एक साधा चेंडू आमच्या गोलरक्षकाच्या हातांत आला आणि निसटून रेषेपलीकडे गेला. समोरच्या पायऱ्यांवर जल्लोष उसळला. आमच्याकडे क्षणभर स्मशानशांतता, आणि मग शब्दांचा भडिमार. त्या मुलाच्या वडिलांचा, त्याच्या धंद्याचा, त्याने सकाळी काय खाल्ले असेल त्याचा, सगळ्याचा उद्धार झाला. मोठ्या शहरांत प्रेक्षक खेळाडूला दुरून ओळखतो. येथे ओरडणाऱ्याला तो मुलगा कोणत्या गल्लीत राहतो हे ठाऊक असते, आणि आपल्याला कोण ओरडत आहे हे त्या मुलालाही आवाजावरून कळते.

मध्यंतरात चहा पिताना माझ्या मनात एक विचार आला. इंग्लंडात १८८८ साली बारा क्लबांनी मिळून 'फुटबॉल लीग' सुरू केली. आज तेथील वरच्या चार श्रेणींच्या खाली जे क्लब खेळतात, त्यांना 'नॉन-लीग' असे म्हणतात. नाव मोठे नकारार्थी. जणू माणसाची ओळख तो कोण नाही यावरून करून द्यावी! परंतु जगातील सर्वांत जुना म्हणून मानला जाणारा, १८५७ साली स्थापन झालेला शेफील्ड एफ.सी. हा क्लब याच 'बाहेरच्यांत' मोडतो. अशाच बाहेरच्यांपैकी हेरफर्ड युनायटेड या संघाने ५ फेब्रुवारी १९७२ रोजी एफ.ए. कपच्या सामन्यात न्यूकॅसल युनायटेडसारख्या पहिल्या श्रेणीतील संघाला २-१ असे नमवले होते. ती गोष्ट तेथील लोक अजून नातवंडांना सांगतात.

आणि आपल्या देशाचाही एक धागा अशा मैदानाशी जुळलेला आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ३१ जुलै रोजी भारत आणि फ्रान्स यांचा सामना झाला, तो एखाद्या भव्य क्रीडागारात नव्हे, तर लंडनजवळच्या इलफर्ड येथील साध्या मैदानावर, जेथे एरवी हौशी खेळाडूंचे सामने होत. स्वतंत्र भारताचा फुटबॉलमधील हा पहिला आंतरराष्ट्रीय सामना. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते. दोन पेनल्टी मिळाल्या, दोन्ही वाया गेल्या, आणि अगदी शेवटी झालेल्या गोलाने आपण १-२ असे हरलो. त्या संघाचे कर्णधार, नागा टेकड्यांतून आलेले टी. आओ, पुढे डॉक्टर झाले. खेळ हा त्यांचा व्यवसाय नव्हता; तो त्यांच्या आयुष्याचा एक भाग होता. तालमीच्या मैदानावर धावणाऱ्या मुलांचेही तसेच आहे. मावसभावाने मला सांगितले, की आमच्या संघातला एकजण गॅरेजात काम करतो, एकजण बारावीला आहे आणि कर्णधार दूध संकलनाच्या कामावरून थेट मैदानावर आला आहे.

उत्तरार्धात आमचा संघ जिद्दीने खेळला. हळूहळू माझ्या लक्षात आले, की मीही उभा राहून ओरडत आहे आणि 'त्यांचा' नव्हे, 'आपला' म्हणत आहे. शेवटची दहा-बारा मिनिटे उरली असताना त्या परदेशी तरुणाने चेंडू जाळ्यात मारला. पायऱ्या नाचू लागल्या. तेवढ्यात पंचाची शिट्टी वाजली आणि हात वर गेला: ऑफसाइड, गोल अमान्य.

त्यानंतरच्या दोन मिनिटांत जे घडले ते लिहिताना मला संकोच वाटतो. पहिली पाण्याची बाटली कोणाच्या हातातून सुटली ते मी पाहिले नाही. मग दुसरी गेली, तिसरी गेली. पंचाला उद्देशून माझ्या स्वतःच्या तोंडून असा एक शब्द गेला, की जो मी या पानावर कधीही छापू देणार नाही. शेजारी पाहतो तो माझा मावसभाऊ, एरवी मुंगीलाही वळसा घालून जाणारा, शाळेत गणित शिकवणारा माणूस, बाटली उगारून उभा होता!

तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांनी बसल्या जागेवरून त्याचे मनगट धरले. ते रागावले नाहीत, मोठ्याने बोललेही नाहीत. "हिकडं दे ती बाटली. पाणी हाय न्हवं त्यात?" मावसभाऊ गोंधळला. आबांनी बाटली घेतली, झाकण उघडले, सावकाश दोन घोट पाणी प्यायले आणि बाटली आपल्या मांडीशी ठेवून दिली.

"बस," ते म्हणाले. मावसभाऊ बसला. मीही बसलो.

"आमच्या टायमाला बाटल्या नव्हत्या, दगड हुतं," ते मैदानाकडे पाहतच बोलू लागले. "मी अठ्ठावीस वर्षांचा हुतो. असाच एक गोल पंचानं दिला न्हाई. पायरीवरनं दगड आला, मॅच थांबली. ती परत झालीच न्हाई. फुडच्या साली माझा गुडघा गेला. दगड मारणारा माझाच चुलतभाऊ. मरंपत्तुर म्हणायचा, आबा, तुझ्यासाठीच मारला रं."

यावर कोणी काही बोलले नाही. मैदानावर सामना थांबला होता. आमचा कर्णधार कुंपणापर्यंत आला आणि आपल्याच लोकांपुढे हात जोडून उभा राहिला. तो काय बोलत होता ते ऐकू येत नव्हते. पण ते जोडलेले हात सर्वांना दिसत होते. पुढच्या पायरीवरचा तो लहान मुलगा उठला आणि पायांजवळ पडलेल्या रिकाम्या बाटल्या गोळा करून पिशवीत भरू लागला. हळूहळू आवाज ओसरला, आणि सामना पुन्हा सुरू झाला.

तो निर्णय बरोबर होता की चूक, हे मला अजूनही सांगता येणार नाही. मी बसलो होतो तेथून ते दिसणे शक्यच नव्हते. पंचाला खरे खोटे म्हणणारे आम्ही हजारो लोक बहुधा तितक्याच अज्ञानात होतो. पण एक गोष्ट मला त्या पायरीवर उमगली. तिकीट काढून परक्यांचा खेळ पाहणाऱ्या माणसाचा त्या खेळाशी संबंध शिट्टीपासून शिट्टीपर्यंतचा असतो. पेठेच्या सामन्यात प्रेक्षक हा गिऱ्हाईक नसून घरचा माणूस असतो, आणि घरच्या माणसाचे प्रेमच कित्येकदा घराला जड होते. अशा संघांना मोठे धनको नाहीत, बलाढ्य संस्था पाठीशी नाहीत. लोकांची माया हेच त्यांचे सगळे भांडवल. सामने बंद पडले, संघावर बंदी आली, तर नुकसान पंचाचे होत नाही. अठ्ठावीस वर्षांच्या कोणा मुलाचे एक साल जाते, आणि खेळाडूच्या आयुष्यात अशी साले थोडीच असतात.

सामना आम्ही ०-१ असा हरलो. शेवटच्या मिनिटांत आमच्या त्याच गोलरक्षकाने पूर्ण झेप घेऊन एक अवघड चेंडू बाहेर ढकलला, तेव्हा मघाशी त्याच्या न्याहारीचा उद्धार करणाऱ्यांनीच टाळ्यांचा कडकडाट केला. आबांनी जाताना ती बाटली मावसभावाच्या हाती परत दिली. "भरून घे घरला जाताना," असे म्हणून ते गर्दीत दिसेनासे झाले. रात्री आम्ही याद्या पुऱ्या केल्या. मावसभावाचा आवाज बसला होता, त्यामुळे वाद असा झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने मला नारळ आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवले. गल्ल्यामागे कालचा गोलरक्षक उभा होता. कोपरावर पट्टी होती. माझ्या आधी तीन गिऱ्हाइके आली आणि तिघांनीही साखर, चहा, काडेपेटी मागता मागता त्याला एकच प्रश्न विचारला, "काय रं, चेंडू सुटला कसा?" तिघांनाही त्याने एकाच शांतपणे उत्तर दिले, "घामानं हात ओला हुता, काका."

माझी पाळी आली. काहीतरी बोलावे म्हणून मी म्हणालो, "शेवटचा चेंडू छान अडवलात."

त्याने मान वर करून पाहिले. मग पाच नारळ एकामागून एक कानाशी हलवून, त्यांतल्या पाण्याचा आवाज ऐकून, निवडून दिले आणि म्हणाला, "पुढच्या रविवारी पण मॅच आहे आपली. याल न्हवं?"

माझी गाडी शनिवारची होती. पण 'आपली' म्हणजे कोणाची, हे मी या वेळी विचारले नाही.