तोबऱ्यात काय आहे?

घोड्याच्या खुराकात मांसाची वा मासळीची भुकटी मिसळण्याचे समर्थन करणाऱ्यांच्या हाती कौटिल्य आयताच सापडतो. अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात उत्तम घोड्याच्या शिध्यात धान्य, स्नेह व मीठ यांबरोबर ५० पल मांस सांगितले आहे, हे खरे. आइसलंडमध्ये हिवाळ्यात घोड्यांना खारवलेले हेरिंग मासे चारीत, हेही खरे. परंतु यावरून घोडा असे अन्न पचवू शकतो एवढेच सिद्ध होते. ते त्याला आवश्यक आहे, हे नव्हे.

घोड्याचा देह गवतासाठी घडलेला आहे. त्याच्या मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीव चारा आंबवून त्याला ऊर्जा पुरवतात. ब-१२ जीवनसत्त्वही तेच निर्माण करतात. वाढत्या शिंगराला लागणारे लायसिन सोयाबीनच्या पेंडीतून मिळते, ओमेगा-३ मेदाम्ले जवसातून. आईवेगळ्या शिंगराला दुधाची भुकटी द्यावी लागते. तेथे माझा आक्षेप नाही. मग धडधाकट घोड्यासाठी कत्तलखान्याचे अवशेष कशाला? ते स्वस्त पडतात म्हणून, की घोड्याला हवेत म्हणून?

गुरांना गुरांचीच हाडे चारण्याची किंमत ब्रिटनने मोजली आहे. गुरांच्या मेंदूची चाळण करणारा रोग तेथे १९८६ साली ओळखला गेला. १९९६ साली सस्तन प्राण्यांच्या मांसाहाडांचा चुरा घोड्यांच्या खाद्यातूनही हद्दपार झाला. अमेरिकेने १९९७ साली घातलेली बंदी मात्र रवंथ करणाऱ्या जनावरांच्या खाद्यापुरतीच होती. घोडा रवंथ करीत नाही. तो त्या संरक्षणाबाहेर राहिला! शिवाय तेथे खाद्याच्या पोत्यावर 'प्राणिज प्रथिने' एवढे मोघम नाव छापले तरी चालते. त्या एका नावाखाली दुधातील केसीन आणि वाळवलेले रक्त एकाच पंगतीला बसतात.

घोड्याला तो रोग नैसर्गिकरीत्या जडल्याचे आढळलेले नाही, असे यावर उत्तर मिळते. मान्य. पण प्रश्न केवळ रोगाचा नाही. मुके जनावर आपला आहार निवडत नाही. ती निवड धन्याने करावयाची. त्याच्यापासूनच घटक लपवले, तर नैतिक जबाबदारी कोणी पेलायची? एखाद्या शाकाहारी धन्याने आपल्या नकळत रक्ताची भुकटी विकत घ्यावी, हा कोणता न्याय?

कौटिल्याने मांस सांगितले; पण नाव घेऊन आणि वजन देऊन सांगितले. त्याचा दाखला देणाऱ्यांनी आधी तेवढा उघडेपणा तरी पोत्यावर दाखवावा.