गोफण शिकवावी, पण दगडाविना

मंडळी, संक्रांतीला नातू गावी आला होता. आमची मंगळवेढ्याकडची काळी रानं, ज्वारी हुरड्यात आलेली, पाखरांची झुंबड. राखणीच्या माळ्यावरची गोफण बघून तो मागेच लागला, "आजोबा, शिकवा ना!" सूनबाई म्हणाली, "नको बाबा, कुणाला तरी लागेल."

तिचं भय खोटं नाही. माझ्या धाकट्या भावाच्या भुवईवरची खूण तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. झाडावरून पडला, असं आम्ही घरी सांगितलं होतं. खरं म्हणजे तो माझ्या मागे उभा होता आणि माझ्या गोफणीतला दगड पुढे जायच्या ऐवजी मागे गेला. मी तेव्हा नऊ वर्षांचा. गोफण मला कुणी शिकवली नव्हती, मोठ्यांचं बघून फिरवली होती.

म्हणून माझं मत असं, की नुसती बंदी घालू नये. मुलं मग चोरून फिरवतात. शिकवावी, पण क्रमाने. आपण आधी नेम शिकवतो, तिथेच चुकतं. आधी सोडणं शिकवावं. एका दोरीचा फासा मधल्या बोटात, दुसरीची गाठ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत. रिकामी गोफण एकच फेरा फिरवायची आणि गाठ सोडायची. ते हातात बसलं की चिंध्यांचा चेंडू, मग पडताच फुटणारं मातीचं ढेकूळ. दगड सर्वांत शेवटी.

शाळेत वर्तुळाची स्पर्शिका शिकवताना मी गोफणीचंच उदाहरण देत असे. सुटलेला दगड स्पर्शिकेच्या दिशेने जातो. गाठ क्षणभर आधी वा नंतर सुटली, की दिशा पार बदलते. त्यामुळे नवशिक्याच्या मागे उभं राहणंही सुरक्षित नाही. बाकीच्यांनी लांबच थांबावं. समोर रस्ता, घर, गुरं नकोत. आणि दोरी झिजली आहे का, हे रोज पाहावं.

शिवाय गोफण पाखरं उडवायला असते, मारायला नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगावं.

नातवाने चार दिवस चिंध्यांचा चेंडूच फेकला. "दगड कधी?" म्हणाला. म्हटलं, "पुढच्या हुरड्याला."

असो. आता आम्ही दोघे भाऊ सत्तरी ओलांडलेले, म्हणून हे लिहून टाकलं. आईला मात्र सांगायचं राहूनच गेलं.